आईनं उचललेलं ताट

"गोदे, ताट उचल की गं."

साहेब हसत म्हणाले. माझ्या घराजवळच्या पंजाबी हॉटेलात, ऑफिसातल्या चौघांसमोर. गोदा म्हणजे माझी आई. वय बहात्तर. आणि ती उठली. तोंडात घास होता, तरी उठली. ताट घेऊन नळ शोधायला लागली.

बढती माझी, जेवण माझं. कोण शाकाहारी, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोण कुठं बसणार, सगळं मी आदल्या दिवशी लिहून काढलं होतं. आईला करकंबहून मुद्दाम आणलं. साहेबही करकंबचेच. त्यांच्या गोठ्यात आईनं वीस वर्षं शेण काढलं. मला माहीत होतं. तरी दोघांना समोरासमोर बसवलं. ऑफिसात ते मला 'मॅडम' म्हणतात, त्यावर विसंबले. चूक माझी.

त्यांच्याकडं आई मागच्या दारी जेवायची. ताट स्वतः घासायचं, गोठ्याच्या कोनाड्यात वेगळं ठेवायचं. जातीनं ठरवलेली जागा. मालक "उचल" म्हणाले की उठायचं.

थोड्याच वेळापूर्वी तंदुरी रोटीशी झटत ती म्हणाली होती, "ह्यापरीस आपली कडक भाकरी बरी की. मोडती तरी." सगळे हसले होते. आताही हसले. तेच लोक.

वेटर धावला. "आजी, ठेवा की. मी घेतो."

"असू दे रे," साहेब म्हणाले. "सवय हाय तिला. आमच्यात तिचं ताट येगळंच असायचं."

मी आईच्या हातातलं ताट घेतलं. टेबलावर ठेवलं. तिला खुर्चीत बसवलं.

"साहेब, उठा."

"अहो मॅडम, चेष्टा केली. लगेच मनाला लावून घेता?"

"उठा. हे जेवण माझं आहे. तुम्हाला इथं जागा नाही."

ते गेले. तिघे त्यांच्यामागं गेले. पठाणबाई तेवढ्या बसून राहिल्या.

रिक्षात आई माझ्यावरच कडाडली. "कशाला बोललीस? तुजं हितं भागतंय. मला गावात ऱ्हायचंय. रोज त्यांच्याच दारावरनं जावं लागतंय."

मी तिला करकंबच्या एसटीत बसवून दिलं.

सकाळी कागद घेतला. तारीख, वेळ, हजर माणसं, शब्द जसेच्या तसे. मग सह्या मागायला निघाले. एक म्हणाला, "ताई, माझी बदली अडकलीय." दुसऱ्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं. तिसरी म्हणाली, "मी तेव्हा हात धुवायला गेले होते." खोटं. ती माझ्या शेजारी बसली होती. पठाणबाईंनी सही केली. त्या एका सहीवर मी पोलीस ठाण्यात ॲट्रॉसिटीचा अर्ज दिला.

काल साहेबांचा निरोप आला. माफी मागायला तयार आहेत. केबिनमध्ये, दार लावून.

नाही म्हणून कळवलं.

आई माझा फोन उचलत नाही. अर्ज मागं घे, म्हणून भावाकडून सांगते. घेणार नाही. ती सांगते म्हणूनही घेणार नाही.