दाराबाहेरचे सर

भोकरदनला मी दर शनिवारी वयात आलेल्या मुलांच्या आईवडिलांशी बोलायला बसते. तिथे राजूरकडचे एक शिक्षक यायचे. बोलण्याआधी ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहायचे. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीने शाळा सोडली होती. ती खोलीबाहेर येत नव्हती, ताटही अर्धवट टाकायची.

एकदा सगळे गेल्यावर ते म्हणाले, "मॅडम, सातवीत ती माझ्याच वर्गात होती. गणित चुकलं तर सगळ्या पोरांसमोर छडीनं मारल्तं तिला. सरांच्या पोरीला सूट भेटती, असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी."

मी म्हटलं, "तिची माफी मागा. तिनं उत्तर दिलं नाही तरी चालेल."

पुढच्या शनिवारी ते उभ्यानेच बोलले. "मागितली. दाराबाहेर बसून, रडून मागितली."

"मग?"

"आतून म्हणली, 'झालं का, सर?'" त्यांनी चष्मा काढला. "पप्पा न्हाई म्हणली, मॅडम."

अशा वेळी धीर देणं हेच माझं काम. पण पुढच्या शनिवारी नक्की या, एवढंच मी म्हटलं. ते "येतो बराबर" म्हणाले आणि पुन्हा कधी आले नाहीत.