अंगठ्याने धरलेला नेम

ज्याला माउस धरता येतो त्याने जॉयस्टिकने नेम धरू नये, असं माझं मत आहे, आणि ते लग्नानंतरही बदललं नाही. चहात साखर किती, टीव्हीचा आवाज किती, कूलर कोणत्या खोलीत लावायचा, हे सगळं मी सासरच्या मापाने घेतलं. हे एक सोडून.

मी अमरावतीची. वडील भातकुलीच्या शाळेत शिक्षक, रोजचं बसने अपडाउन. थोरला भाऊ इंजिनिअरिंगला गेला तेव्हा घरात कॉम्प्युटर आला, अभ्यासासाठी म्हणून. त्यावर अभ्यासापेक्षा बंदुकीचे गेमच जास्त झाले. भावाने मला शेजारी बसवून शिकवलं. माउसचं पॅड नव्हतं, आईच्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा होता. मनगट टेबलाला चिकटवायचं नाही, कोपरापासून हात सरकवायचा, शेवटचं इवलंसं अंतर तेवढं बोटांनी काटायचं, एवढंच तो सांगायचा, आणि चुकलं की डोक्यात टपली मारायचा. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर माझ्याकडे आला. माझी पदवी होईपर्यंत अशी वेळ आली की दिवाळीत घरी आला तरी त्याला माझ्याशी जिंकता येईना. त्याला त्याचा आनंद झाला. हे मुद्दाम सांगते, कारण असा आनंद झालेला पुरुष मी पुढे फारसा पाहिला नाही.

लग्न होऊन अकोल्याला आले. सासरे फूलवाले. पातूरकडे शेत, त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध, आणि शहरात बाजारात दुकान. माझा नवरा या धंद्यातून निसटून बँकेत लागला. दुकान धाकटा दीर बघायचा. मला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचं काम मिळालं, म्हणजे आठवडाभर माउस हातातच. दीर पहाटे बाजारात जायचा आणि दुपारी मोकळा व्हायचा. मग हॉलमध्ये कूलरसमोर सोफ्यावर आडवा, छातीवर फुटाण्यांची वाटी, हातात जॉयस्टिक. सासरे तिला रिमोट म्हणत. मला वाटतं, त्या वस्तूचं खरं नाव तेच आहे.

नवी होते तेव्हा एका रविवारी त्याने मला खेळायला बसवलं. त्याचे बाजारातले दोन मित्र आले होते. मी जन्मात पहिल्यांदा जॉयस्टिकवरची ती नेमाची काडी अंगठ्याखाली घेतली आणि नेम कुठल्या कुठे भरकटला. समोरचा माणूस दाराशी, माझी बंदूक आभाळात. खाली आणते तर थेट पायापाशी. मी मेले, परत मेले, आणि तिघे आरामात हसले.

"वहिनी, हे ऑफिसातल्या नकाशासारखं नसते," दीर म्हणाला. "याले हात लागते."

हात. हा मनुष्य दुकानात हार गुंफतो तेव्हा त्याची दहाही बोटं अशी चालतात की बघत राहावं. आणि घरी येऊन फक्त दोन अंगठ्यांवर खेळतो, आणि मला सांगतो की हात लागतो.

त्या दिवसानंतर मी खेळले नाही, नुसती बघत बसले. बघताना फरक लक्षात आला. माउस जेवढा सरकवाल तेवढाच नेम सरकतो. हात थांबला की नेम थांबला. काडीचं तसं नाही. काडी ढकलली की नेम चालू लागतो, आणि ढकलून धराल तोवर चालतच राहतो. योग्य जागी आला की अंगठा उचलायचा. म्हणजे नेम धरायचा नाही, तो जवळून जाताना थांबवायचा. रिक्षावाल्याला "बस, इथंच" म्हणावं आणि त्याने चार घरं पुढे नेऊन उभी करावी, तसलं हे काम. मग मागे घ्या, मग पुन्हा थोडं पुढे. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला.

पण दिराच्या बाबतीत तो निघून जात नव्हता, हेच मला कळेना. त्याचा अंगठा ढोबळ फिरायचा आणि गोळी मात्र बरोबर लागायची. मग एकदा दिसलं. समोरच्या माणसाजवळून जाताना नेम आपोआप हळू व्हायचा, आणि किंचित त्याच्याकडे ओढला जायचा. मी सेटिंग उघडलं. एम असिस्ट, म्हणजे नेमाला मशीनची मदत, चालू, पूर्ण जोरात.

"भाऊजी, हे काय आहे?" मी विचारलं.

"ते राहू द्या. ते सगळ्याइचंच चालू असते."

सगळ्यांचंच चालू असतं, हे खरं होतं. गेम बनवणाऱ्यांनाच ठाऊक आहे की अंगठ्याने नेम लागत नाही, म्हणून त्यांनी मशीनमध्ये एक अदृश्य माणूस बसवून ठेवलाय, जो मागून कोपर धरतो. लहान मुलाच्या हातात खडू देऊन आई त्याचा हात धरून श्री काढून घेते, आणि घरभर सांगते की बघा, लिहायला लागला. फरक एवढाच की दीर लग्नाच्या वयाचा होता.

मी म्हटलं, बंद करून खेळू. तो आधी टाळत राहिला, मग तयार झाला. आम्ही दोघे जॉयस्टिक घेऊन बसलो. त्या दुपारी आम्ही भिंतींना, खिडक्यांना, जिन्याला, एका निरुपद्रवी झाडाला भरपूर गोळ्या घातल्या. समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या डावीउजवीकडून गोळ्या काढल्या. सासरे बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"अर्ध्या घंट्यापासून पाहून राहिलो," ते म्हणाले, "कोनी मरून नाही राहिलं."

दिराने सेटिंग परत चालू केलं आणि लाइट कमी-जास्त होत असल्यामुळे मशीन नीट चालत नाही असं काहीतरी सांगितलं.

पुढच्या वेळी माहेरी गेले तेव्हा माझा जुना माउस पिशवीत टाकून आणला. दिराच्या गेममध्ये माउस आणि कीबोर्ड चालत होते, मी आधी तपासलं होतं. रविवारी तेच दोन मित्र आले तेव्हा दिरानेच हाक मारली, या वहिनी, परत मरायले. मी टीपॉय पुढे ओढला, माउस जोडला, जमिनीवर मांडी घालून बसले. त्याचं एम असिस्ट राहू दे म्हटलं, हवं तेवढं.

पहिल्या डावात तो दारातून आत आला आणि पडला. त्याला वाटलं चुकून लागलं. मग गच्चीवर लपला, तिथे पडला. जिन्याखाली बसला, तिथेही. मित्रांनीही एकेक हात खेळून बघितला आणि एकेक करून सोफ्यावर मागे सरकले. घामाने माउस निसटत होता तरी हात चालत होता. सासऱ्यांनी पेपर बाजूला ठेवून दिला होता.

"हे चीटिंग आहे," दीर शेवटी म्हणाला. "माउस म्हणजे चीटिंगच."

"नेम मी धरून राहिली, भाऊजी," मी म्हटलं. "तुमचा नेम कंपनीवाला धरते."

एक मित्र हसला. तेवढं व्हायला नको होतं, कारण दिराने टीव्ही बंद केला आणि चपला घालून बाहेर गेला. मित्रही त्याच्या मागे गेले.

संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत माझ्याजवळ बसल्या. "जिंकली ते बेस केलं," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या दोस्ताइसमोर कावून?"

मी म्हटलं, त्यांनीच बोलावलं होतं. सासूबाईंनी मेथीची पुढची जुडी ओढली. मला मात्र राहून राहून वाटलं, त्याने मला त्याच मित्रांसमोर भाजून काढलं होतं त्या रविवारी याच स्वयंपाकघरात त्याला समजवायला कोणी आलं नव्हतं. नवऱ्यानेही रात्रीच्या जेवणानंतर सुचवून पाहिलं, एखादा डाव हरत जा. का, असं विचारल्यावर त्याने पाण्याची बाटली भरायला घेतली.

दीर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. दुकानातून गजरा आणायचा तो सासूबाईंच्या हातात द्यायचा, वहिनीले द्या म्हणून. मला वाईट वाटलं नाही. आता सांगताना वाटलं असं म्हणता येईल, पण नाही वाटलं. ज्याच्या नेमाची कळ दुसऱ्याच्या हातात आहे त्याने त्याच नेमावर मिशीला पीळ द्यावा, याचा मला तेव्हा राग होता आणि आजही आहे.

मग एक दिवस तो आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. नवा गेम होता, दोघांनी मिळून खेळायचा.

"एकजण गाडी चालवते, एकजण गोळ्या झाडते," तो म्हणाला.

"मी गोळ्या झाडीन."

"माहीत आहे."

आम्ही तो गेम पावसाळाभर दुपारी सुटीच्या दिवशी खेळलो. इथे एक कबूल करावं लागतं, आणि ते मी तोंड वाकडं करूनच करते. गाडी त्याने सुंदर चालवली. कीबोर्डवर गाडी एक तर पूर्ण वळते नाहीतर वळतच नाही. काडी मात्र थोडी दाबली की थोडी वळते, आणि डोंगरातल्या वळणांवरून त्याने अशी अलगद नेली की मागे बसून मला निवांत नेम धरता आला. मी त्याला तसं सांगितलं. तो खूष झाला आणि लगेच म्हणाला, मग आता थोडा वेळ मी गोळ्या झाडतो. मी नाही म्हटलं.

बोलणं पूर्ववत झालं, गजरे हातात येऊ लागले. मित्रांना मात्र तो अजून सांगतो, आमची वहिनी माउसनं खेळते, आणि ते अशा सुरात सांगतो की जणू कोणी पुरणपोळी काट्याचमच्याने खात असावं.

सध्या त्याची काडी झिजली आहे. हात लावला नाही तरी नेम आपसूक डावीकडे सरकतो. नवी घ्यायला तो तयार नाही, याच्यात काही बिघाड नाही म्हणतो. ऑफिसातून आले की बघते, पडद्यावरचा त्याचा माणूस सावकाश भिंतीकडे तोंड वळवत असतो, आणि हा अंगठ्याने त्याला पुन्हा पुन्हा लढाईकडे वळवत असतो. मी चहा हवा का तेवढं विचारते.