खडकातला माग

माग काढण्यात नर्मदाबाईचा हात धरणारं सोनपेठच्या शिवारात कुणी नव्हतं. चुकलेली शेळी ती वाळल्या नांगरटीतूनही हुडकून आणी. नवरा मल्हारी गेल्यावर तिनं एकटीनं मेंढरं वळली, पण एकुलत्या बबलूला त्यांच्यामागं जाऊ दिलं नाही, शाळेत घातलं. तो बारावीला दोनदा आपटला आणि शेवटी ठेकेदारामार्फत लांबच्या एका भूशास्त्रीय उद्यानात पहारेकरी लागला, सहा महिन्यांच्या बोलीवर. ती मुदत आता संपत आली होती. पुढं ठेवायचं की नाही, हे तिथल्या मॅडमच्या हातात.

अशात नर्मदाबाई दोन गाड्या बदलून लेकाला भेटायला गेली. बबलूनं तिला पर्यटकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या आत नेऊन एक लांबलचक खडक दाखवला.

"हितं समुद्र व्हता म्हणं, कोट्यवधी वर्षांखाली. ही त्यातल्या किड्याची वाट हाय."

"कुटं? मला तर काईच दिसंना."

"तुजी नजर गेली आता, माय."

ते तिला लागलं. भर उन्हात उथळ माग दिसत नाही. अशा वेळी ती त्यावर चिमूटभर माती भुरभुरून फुंकर मारी. इथं माती कुठली? तिनं कनवटीची पिशवी सोडली, खंडोबाचा भंडारा खडकावर टाकला आणि फुंकला. पिवळी नागमोडी रेघ उमटली.

"बग. हितं थांबलाय, मग वळलाय."

सहलीला आलेल्या दोन बायांनी ते पाहून चपला काढल्या, हात जोडले. एकीनं केसातलं फूल खडकावर ठेवलं. तेवढ्यात मॅडम आल्या.

"हळद कुणी टाकली? यांना आत कुणी सोडलं?"

बबलूनं तोंड उघडायच्या आत नर्मदाबाई बोलली, "मीच शिरले, बाईसाहेब. ह्या शिपाईसायबानं लय हटकलं, म्याच ऐकलं न्हाई."

"ओळखीच्या आहेत का?" मॅडमनी बबलूला विचारलं.

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"मग बघत काय राहिलात? बाहेर काढा."

"ओ बाई," बबलू म्हणाला, "चला. दोरीच्या बाहेर व्हा."

ती झाली. फाटकापर्यंत तो चार पावलं मागून आला. तिथं हळूच म्हणाला, "खोलीवर थांब की. सांजच्याला येतो."

"नगं. त्या बाईनं बगितलं तर?"

पानटपरीवर स्टँडची वाट विचारून ती चालू लागली. बबलू बादली आणि ब्रश आणायला गेला.