गतिरोधकावर थांबणारी बस

"डॉक्टर, याला आधी फुंकायला लावा," असं म्हणत ट्रान्सपोर्ट मॅनेजर गायकवाड दत्ताभाऊंना घेऊन थेट माझ्या केबिनमध्ये शिरले. मी चाकणच्या एका कंपनीत डॉक्टर आहे. कामगारांचं बीपी, कापलेली बोटं, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कीस, हे माझं रोजचं काम. दत्ताभाऊ मूळचे चऱ्होलीचे, आमच्या स्टाफ बसचे ड्रायव्हर. पिंपळे गुरवहून येणारी त्यांची बस त्या आठवड्यात तिसऱ्यांदा पाऊण तास उशिरा आली होती. चाळीस माणसं लेट पंच झाली होती आणि गायकवाडांना दारूचा संशय होता.

ब्रेथ अ‍ॅनालायझरवर शून्य आलं. गायकवाड जरा नाराजच होऊन गेले. मी दार लावलं आणि दत्ताभाऊंना विचारलं, "कुठं थांबला होता?"

"मोशीच्या पुढं. गतिरोधकावर गाडी उडाली, वाटलं कुणीतरी चाकाखाली आलं. टायर बघतो म्हणून उतरलो आन् मागं चालत गेलो."

"आलं होतं कुणी?"

"न्हाई. रस्ता रिकामा व्हता."

"मग पाऊण तास?"

"तीनदा जाऊन आलो, साहेब. नीट बघितलं का न्हाई, असं वाटत ऱ्हातं."

हे सात-आठ महिने चाललं होतं. घरी बायको रोज पेपरातल्या अपघाताच्या बातम्या मोठ्यानं वाचायची, त्यात आपली बस नाही हे त्यांना पटावं म्हणून.

कंपनीत राहून मीही कंपनीसारखा विचार करायला लागलो आहे. शंका आहे ना, मग पुरावा द्या. मी बसला डॅशकॅम लावून घेतला. पुढचे आठ दिवस बस वेळेवर. कॅन्टीनमध्ये मी ही गोष्ट जरा रंगवूनच सांगितली.

नवव्या दिवशी सिक्युरिटीचा फोन आला. दत्ताभाऊ सकाळची फेरी संपल्यावर सिक्युरिटीच्या केबिनमध्ये बसून अख्ख्या फेरीचं फुटेज बघत होते. प्रत्येक गतिरोधक चार-चार वेळा. आता त्यांना मागच्या चाकांवरही कॅमेरा हवा होता. त्या नादात त्यांची दुपारची फेरी चुकली.

गायकवाड परत आले. "शुक्रवारपर्यंत फिट की अनफिट ते लिहून द्या. अनफिट असेल तर मी फाइल एचआरला पाठवतो." एचआरला गेलेला ड्रायव्हर परत येत नाही, हे मला माहीत होतं. दत्ताभाऊंना तर ड्रायव्हिंगशिवाय दुसरं काहीच येत नव्हतं.

मी मेधाला फोन लावला. ती माझी वर्गमैत्रीण, पिंपरीत मानसोपचारतज्ज्ञ आहे.

"कॅमेरा कुणाची आयडिया?"

"माझी."

"शाबास! खाज सुटलेल्या माणसाला तू खराटा दिलास."

तिनं दत्ताभाऊंना तपासलं आणि निदान केलं, ओसीडी. नको असलेला विचार घुसतो, जीव घाबरा होतो. तो शांत करायला माणूस काहीतरी करतो: हात धुतो, कुलूप ओढून बघतो, रस्ता बघून येतो. घटकाभर बरं वाटतं, मग तोच विचार आणखी जोर करून येतो. खात्री करून देणारा प्रत्येक जण त्यात भर घालतो. बायकोचा पेपर आणि माझा कॅमेरा, दोन्ही त्यातच जमा.

दत्ताभाऊंची परवानगी घेऊन मी गायकवाडांना आजाराचं नाव सांगितलं.

"ओसीडी? अहो, याचे हात तर कायम ऑइलनं काळे असतात!"

मलाही महिनाभरापूर्वी एवढंच माहीत होतं. मी 'तात्पुरता अनफिट' असा शेरा लिहिला आणि तीन महिने मागून घेतले. गायकवाड कुरकुरले, पण दत्ताभाऊंना स्टोअरमध्ये बसवलं.

मेधानं गोळ्या सुरू केल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सोबत दुसरा उपचार: भीती मुद्दाम ओढवून घ्यायची आणि मागे वळून बघायचं नाही. थोडं जमायला लागल्यावर तिनं सराव मला नेमून दिला. कंपनीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर छोटा टेम्पो, एक गतिरोधक, शेजारच्या सीटवर मी.

टेम्पो उडाला. दत्ताभाऊंचा चेहरा घामानं डबडबला.

"साहेब, कुणी न्हाई ना?"

मला उत्तर दिसत होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पण मेधानं बजावलं होतं.

"माहीत नाही, दत्ताभाऊ. भीती दहापैकी किती?"

"नऊ. एकदा व्हय-न्हाई तरी बोला की!"

इतकं निर्दय मला कधी वाटलं नव्हतं. आम्ही तसेच बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी सात. अर्ध्या तासानं चार. ते माझ्याकडे बघतच राहिले. "न बघता उतरली की वो!" असं म्हणून ते हसले आणि माझाही जीव भांड्यात पडला.

पुढे नवाचे सहा झाले, सहाचे तीन. मग रिकामी बस, मग मोशीचा रस्ता. तीन महिन्यांनी मेधाचा रिपोर्ट वाचून मी 'फिट' लिहिलं, तेव्हा खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटलं.

पहिल्या सकाळी मीच पिंपळे गुरवहून त्यांच्या मागच्या सीटवर बसलो. मोशीच्या पुढं बस गतिरोधकावर चांगलीच उडाली. मी आरशात त्यांच्याकडे बघितलं. बस चालतच राहिली.

एरवी माझ्या कामात शंका फिटली की केस बंद होते. ही केस शंका न फिटताच बंद झाली.

गेटवर उतरताना मी विचारलं, "मघाशी वाटलं का काही?"

"वाटलं की," ते म्हणाले. "पण मागं चाळीस जणांचं पंचिंग व्हतं."