साडूंची ओसरी

विश्रांतीसाठी माणसाने किती कष्ट करावेत याला काही मर्यादा असते, पण ती माझ्या साडूंना कोणी सांगितलेली नाही. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढून ते निवृत्त झाले आणि देवळात जाऊन बसायचं सोडून त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली. आतली बाकं उपटली, दोन पलंग आणि शेगडी बसवली, आणि तिला ते 'घर' म्हणू लागले. तिथेच थांबते, तर आज माझे खांदे शाबूत असते. पण घराला ओसरी हवी, म्हणून गाडीच्या अंगाला अडकवायचं भलंमोठं कापडी छत त्यांनी ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलं. ओसरीला लागून एक खोली हवी, म्हणून चेनने जोडायची, चारी बाजूंनी बंद अशी कापडी खोलीही शिवून घेतली. हे सगळं उभं करायला दोन माणसं लागतात. दुसरा माणूस मी.

दरवर्षी हिवाळ्यात नगरला माझ्याकडे त्यांचा फोन येतो. "पाव्हणं, निघायचं." कुठे, किती दिवस, हे विचारायचं नसतं. मुक्कामाला पोचल्यावर इतर लोक चहा टाकतात. साडू खिशातून पाणसळ काढतात. जमीन एका बोटाने तिरकी निघाली की गाडी पुढे-मागे, चाकाखाली फळकुट, पुन्हा पाणसळ. मग काठ्या अंथरायच्या. प्रत्येक काठीवर त्यांनी ऑइलपेंटने आकडे घातलेत, पण दरवर्षी त्यांचीच पद्धत बदलत गेल्यामुळे आता एकाच काठीवर तीन आकडे आहेत आणि त्यातला खरा कोणता ते फक्त त्यांना ठाऊक. मी मधली काठी धरून उभं राहायचं. ते पलीकडे जाऊन एक डोळा मिटून बघतात आणि शांतपणे म्हणतात, "हालली." जामखेडजवळच्या एका माळावर तर खुंट्या आत जाईनात. खाली नुसता मुरूम. मी म्हटलं, आज राहू द्या, गाडीतच झोपू. ते म्हणाले, "गाडीत झोपायचं तर घरीच का नाही झोपायचं?" आणि पहारीने एकेक भोक पाडत बसले. छत उभं राहिलं तेव्हा ज्या उन्हासाठी ते लावलं होतं, ते ऊन उतरून गेलं होतं.

गेल्या वर्षी आम्ही राजूरच्या पुढे धरणाच्या पाण्याकाठी गेलो. साडू, त्यांची बायको म्हणजे आमच्या अक्का, मी आणि माझी बायको. अक्का माझ्या बायकोची थोरली बहीण. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून बोलणं जड झालंय आणि गाडीच्या दोन पायऱ्या चढायला दोघांचा आधार लागतो. म्हणून त्यांची खाट खालीच, त्या कापडी खोलीत टाकायची.

ज्यांच्या वावरात आम्ही उतरलो ते म्हातारबाबा आमचा खटाटोप बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "दाराचं तोंड तिकडं नका करू. दुपारी पान्यावरनं लई वारं येतंय. समदं उचलून नेईल."

"तोंड तिकडंच राहील," साडू म्हणाले.

"मंग तुमची मर्जी."

मला संताप आला. मी साडूंना बाजूला घेऊन म्हटलं, इथले लोक सांगतात ते ऐकावं माणसानं. ते खुंटी ठोकत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "दोन वर्षं भिंतीकडं बघून पडलीय ती. तोंड फिरवलं तर इथंबी तिला गाडीचा पत्राच दिसंल." मी जाऊन काठी धरली.

तीनच्या सुमाराला वारं आलं. आधी कापड नुसतं श्वास घेतल्यासारखं फुगलं, मग दोन खुंट्या उपटल्या आणि अख्खी ओसरी उभी राहू पाहू लागली. अक्का आत खाटेवर होत्या. बायको त्यांच्याकडे धावली. साडूंनी एक काठी छातीशी कवटाळली, मी दुसरी. किती वेळ ते सांगता येणार नाही. हाताला मुंग्या आल्या आणि त्याही निघून गेल्या. म्हातारबाबा दावी घेऊन पळत आले, त्यांनी दोन बाजू धोंड्यांना बांधल्या आणि 'मी सांगितलं हुतं' एवढंही म्हणाले नाहीत. वारं पडल्यावर आम्ही आत गेलो. अक्का पाण्याकडे तोंड करून पडल्या होत्या, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर भीती औषधालाही नाही.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून काठ्या मोजायला लागलो, कारण मला घरी जायचं होतं. माझी मान वळत नव्हती. तेवढ्यात आतून अक्का म्हणाल्या, "अजून... एक... दिवस." तीन शब्दांना त्यांना बराच वेळ लागला. साडूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी आजवर मला हुकूम दिले होते, विचारलं कधी नव्हतं. मी हातोडी उचलली आणि सुटलेल्या खुंट्या ठोकायला गेलो.

यंदा हिवाळा अर्धा सरला तरी फोन नाही. अक्कांना आता प्रवास झेपत नाही, हे बायकोकडून कळलं. साडूंनी त्यांची खाट अंगणात टाकलीय आणि भोवती ती खोली उभी केलीय, पुढे ओसरीसकट. दार रस्त्याकडे, म्हणजे येणारं-जाणारं दिसतं. एकट्याने केलं सगळं, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

खरं तर मी सुटलो होतो. तरी मीच फोन लावला. अक्कांची चौकशी केली, हवापाण्याचं बोललो, आणि मग न राहवून विचारलं, "मधली काठी कोणी धरली?"

"भिंतीला बांधली," साडू म्हणाले. "हालली नाही."