पुतणीचा आत्मा आणि तीन मात्रा

जिच्या वीणेला कधी मायक्रोफोन लागला नाही, त्या वाग्देवतेला वंदन करून, माझ्या पुतणीच्या अल्बमचे ध्वनिमुद्रण तारकर्लीच्या आमच्या घरी पार पडले त्या निमित्ताने हे लिहितो.

पुतणी मुंबईत ‘सोल’ गाते. सोल म्हणजे आत्मा. संस्कृत व्याकरणाच्या पाठशाळेत आम्हाला आत्म्याविषयी मौन शिकवले. ती त्याला तिकीट लावते. या वेळी मात्र तिने जॅझमधली जुनी, संथ प्रेमगीते निवडली होती. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा बाप, जहाजावर नोकरीला असताना त्यांच्या तबकड्या घरी आणी. त्या नोकरीत तो व्याकरण सोडून सर्व काही शिकला. आता त्याला माणसांची नावे आठवत नाहीत, गाणी तेवढी आठवतात. म्हणून त्याचे सर्वांत लाडके गाणे त्याला समोर बसवून गायचे, असे तिने ठरवले होते.

माजघराच्या भिंतींना गाद्या टांगल्या गेल्या. एक देवांच्याही आड आली. पुतणी गाऊ लागली. एकट्या ‘लव्ह’ शब्दावर तिने इतकी वळणे घेतली, की ओरोसहून मालवणला येणारी एसटीसुद्धा इतकी घेत नाही.

“बाबा, गाणा वळाखलास?” तिने विचारले.

“बरा गातस गो,” भाऊ म्हणाला. “पण ह्या गाणा खंयचा?”

तिचा चेहरा उतरला. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. “काका, तुमी हसतास कित्याक?”

“माका आत्म्यातला काय कळणा नाय. पण कोंबो आरवता तो एक मात्रा, मगे दोन, मगे तीन, आणि गप रवता. आमी पाठशाळेत अक्षराच्यो मात्रा तेच्याकडसून शिकलो. तुझ्या एका अक्षरात अख्ख्या वाडीतले कोंबे आरवले.”

“म्हणजे तिनार थांबू?”

“दोनार थांबलस तरी देव रागवाचो नाय.”

रागारागाने का होईना, दुसऱ्या वेळी तिने अक्षर जेवढे होते तेवढेच गायले. तिसऱ्या ओळीला भाऊ खुर्चीत पुढे झुकला आणि तिच्याबरोबर गाऊ लागला. सूर कुठेच लागत नव्हता. शब्द मात्र सगळे बरोबर. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने थांबण्यासाठी हात वर केला. तिने मानेनेच नकार दिला आणि शेवटपर्यंत बापाच्या गतीने गेली.

अल्बममध्ये तेच गाणे घेतले आहे. त्यात एक आवाज बेसूर आहे, असे जाणकार म्हणतात. आहेच, तो आमच्या घराण्याचा आहे.

वाचकहो, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आपली माणसे आवाजावरून तरी ओळखू येवोत, आणि जे गातील त्यांना थांबण्याची बुद्धी लाभो. शुभं भवतु.