थाळीची शेपूट

हाल्याला गेली दोन वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. शेजारच्या नविनने कानाशी ओरडून सांगितलेलं मात्र स्पष्ट पोचलं. "काका, तुझी पोर शितल किरणांत काम करते. किरणं हाडं पोखरतात!"

तेव्हापासून हाल्याच्या डोक्यातून ते जाईना. शनिवारी शितल मुंबईहून तलासरीजवळच्या पाड्यावर घरी आली, तशी त्याने तिची बॅग माळ्यावर टाकली आणि शिडी मागच्या दारी नेऊन ठेवली.

"आता जायचं नाही," तो म्हणाला.

सोमवारी तिला मुंबईच्या प्रयोगशाळेत परत कामावर हजर व्हायचं होतं. शुक्री नवऱ्यावर करवादली, "शिडी लपवायला सुचतं, पोरीला विचारायला नाही सुचत?" ते त्याला ऐकूच गेलं नाही.

रविवारी दुपारी शितलने खुंटीवरचा थाळ काढला. पितळेची थाळी, तिच्या मधोमध रानमेणाने रोवलेली काडी. त्या काडीवरून बोटं ओढून थाळ वाजवत हाल्याने कितीतरी घरांच्या मरणदुःखात कथा सांगितल्या होत्या. कान गेले आणि त्याने थाळाला हात लावायचं सोडलं.

"बा, माझं काम बघ," ती त्याच्या कानाशी म्हणाली आणि थाळीवर टिचकी मारली. कानाला नाही ते हाताला कळावं म्हणून हाल्याने चटकन तळवा थाळीवर टेकवला. थाळी जागीच मुकी झाली.

"हात काढ! तूच गप्प केलीस तिला."

थाळीला शिवायचं नाही म्हणून जन्मभर पोरांवर ओरडलेला हाल्या ओशाळून हसला.

"असू दे. ही झाली गॅमा, किरणांची एक जात," शितल म्हणाली. "आता काडी धर."

त्याने दोन बोटांत काडी धरली. तिने पुन्हा टिचकी मारली. थरथर बोटांत चढली आणि बराच वेळ रेंगाळली.

"हा न्यूट्रॉन, दुसरी जात. किरणं ओळखायच्या आमच्या डब्यात एक द्रव असतो. गॅमा आदळू दे नाहीतर न्यूट्रॉन, तो चमकतो. चमक उठते सारखीच. पण गॅमाची लगेच विझते, न्यूट्रॉनची शेपूट लांब असते. ती बघून ओळखायचं."

"ओळखून काय करायचं?"

"न्यूट्रॉन जास्त बाधतो. कोण किती आहे ते कळलं, की भिंत कशाची घालायची, माणसाने किती लांब राहायचं ते ठरतं. मी लोकांना राखते, बा."

"आणि तुला कोण राखतं?"

"तीच भिंत. छातीवर बिल्ला असतो, किरणं किती लागली ते त्यावरून तपासतात. आणि मी घाई करत नाही."

मग हाल्याने काडी धरूनच डोळे मिटले. ती टिचक्या मारी. कधी थाळीची कड चिमटीत धरून थरथर विझवी, कधी सोडी. तो ओळखू लागला. एकदा थरथर बोटांत पोचते न पोचते तोच म्हणाला, "गॅमा!"

"चुकलास. शेपूट संपेपर्यंत थांबायचं."

सोमवारी उजाडताना शिडी जागेवर होती आणि बॅग दारात.

"पोचलीस की फोन लाव," हाल्या म्हणाला. "बोलणं मला ऐकू येणार नाही. पण लगेच तोडू नकोस. बराच वेळ थरथरला, की समजेन तूच."

संध्याकाळी त्याच्या खिशातला मोबाइल थरथरला. शुक्रीने घ्यायला हात पुढे केला. हाल्याने तो अलगद अडवला.

"थांब गं," तो म्हणाला. "शेपूट संपू दे."